दादाचे खोके

३ डिसेंबर

अजून एक खोका आला.

वाट पाहाची दादाची अन् उतरून घ्याचा खोका. दिवाळीले खोका. भाऊबीजेलेबी खोका — कानातले होते त्यात. मी मायले म्हटलं, "निरांजन आण, खोक्याले ओवाळतो." माय म्हणे, "तोंड सांभाळ." त्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आल्ता. उचलला नाही. ब्लॉक केला त्याले, आतापर्यंत ब्लॉकच आहे.

आजचा खोका लाल कागदाचा. कागदावर दाढीवाला म्हातारा अन् गाडी ओढणारे हरणं. नाताळाची खास नक्षी म्हणे. आत एअर फ्रायर. बिना तेलाचं तळते. माही माय तेल टाकाले इतका हात आखडते की ती पहिलेपासूनच बिना तेलाचं तळते, तिले यंत्र कायले पाह्यजे? वरून चिठ्ठी. छापलेली. "मायले — सार्थक." पुण्यात दिवसभर इंग्रजी फाडते अन् इथं "मायले" लिहून गोडी लावते. हातानं दोन अक्षरं लिहाची फुरसत नाही, अन् गोडी मात्र वऱ्हाडी.

बाबानं फ्रायर पुढच्या खोलीत, रस्त्यावरून दिसंन असा ठेवला. सुरू नाही केला, निस्ता ठेवला. कमलीबाई शेजारून आली, हात लावून पाह्यलं, म्हणे, "पोरगा नाही आला त काय झालं पंजाबभाऊ, सामान त येऊन राह्यलं."

बाबा हासले. मले ते हासणं सहन नाही झालं. वावरात निघून गेली. पालकाले पाणी सोडलं, लागत नव्हतं तरी.

५ डिसेंबर

कथा वापस आली. संपादक लिहिते — "राग जास्त, घटना कमी." किन्हीराजासारख्या खेड्यात बसून घटना कुठून आणू? खोके येतात. ही घटना.

९ डिसेंबर

बाबा दादासंग बोलाले विहिरीपाशी जातात. घरात रेंज नसते म्हणतात. मले तर घरात रील पाहाले रेंज भेटते!

आज मी सांभाराच्या — पुण्यात कोथिंबीर म्हणतात — जुड्या बांधून राह्यली होती, तिथून आवाज येत होता. बाबा बोलतच राहातात. "वांगे बरे निघाले यंदा. गोबीले अळी पडली. सुचीचं शिक्षण झालं, आता लिहिते काहीतरी. तुह्या मायचा गुडघा जास्तच दुखून राह्यला. तू आपली तब्येत पाह्यजो." एका दमात. दादाले बोलूच देत नाहीत. दादाचंबी काय, तिकडं हं हं करत लॅपटॉप चालवत असंन.

मागच्या साली तेच केलं त्यानं. आमचे रोडगे पंचवीस डिसेंबरले असतात, कारण दादाच्या कंपनीले तीच एक सुट्टी. तो नोकरीले लागला तवापासूनची रीत. वावरात लिंबाखाली गोवऱ्यांचा जगरा पेटवाचा, जाड्या पिठाचे रोडगे भाजाचे, वांग्याची भाजी, वरण, अन् तूप अशी धार धरून की बोटातून निथळलं पाह्यजे. जो सगळ्यात दुरून आला त्यानं पहिला रोडगा फोडाचा, मंग बाकीच्यायनं. हे बाबाचं कलम. म्हंजे दरसाली दादाच.

मागच्या साली दादा आला, वावराच्या धुऱ्यावर बसला, कानात ते पांढरे बोंडं, मांडीवर लॅपटॉप. "एकच कॉल आहे बाबा." रोडगा त्यानं एका हातानं फोडला. एका हातानं! दुपारच्या गाडीनं वापस. बाबा त्याले ट्रॅव्हल्सवर सोडाले मालेगावले गेले, आले अन् जगऱ्याची राख उकरत बसले.

तवापासून माणूस नाही. खोके.

१४ डिसेंबर

दोन खोके. एक मायले — गुडघ्याचा पट्टा. बरोब्बर मापाचा. माय लावून चालली अन् म्हणे, "बरं वाटते व." गद्दारी.

दुसरा मले. पलंगावर ठेवून लिहाचं टेबल, पायं दुमडते असं. चिठ्ठी — "सुचीले. पोत्यावर वही ठेवून नको लिहू, मान धरते."

मले अजून राग आला. हे त्याले कोणं सांगतलं? बाबानंच, विहिरीपाशी. म्हंजे आमची सगळी खबर तिकडं जाते अन् तिकडून पार्सल निघते. दुखणं सांगा, सामान घ्या. मान धरली त टेबल. गुडघा धरला त पट्टा. अन् ज्याले माणसाची आठवण धरली असंन त्याले काय धाडते तो?

टेबलाले मी हात नाही लावला. माय आता त्याच्यावर मेथी निवडते. मी पोत्यावरच लिहून राह्यली. मान धरली आहे.

बाबा दारातून दोनदा पाहून गेले. "टेबल चांगलं दिसते," म्हणे.

"तुमालेच ठेवा," मी म्हटलं.

१७ डिसेंबर

मालेगावले बाबासंग भाजी घेऊन गेल्ती. मोबाईलच्या दुकानापुढं हवा भरलेला लाल म्हातारा उभा केला, पंख्यानं डोलून राह्यला. दुकानदार ओरडून राह्यला, "घरच्यायले खूश करा, नाताळ ऑफर." इथं नाताळ कोणाचं आहे बाप्पा? बाजूले सीताफळ विकणाऱ्या बाईलेबी लाल टोपी घालून देली त्यायनं.

होस्टेलवर माही रूममेट एस्तेर होती. तिच्या घरचं खरं नाताळ. ती सांगे — सकाळी चर्च, मंग सगळे खाली चटईवर, आजोबापासून तान्ह्या लेकरापर्यंत, एका पंगतीत. "जो नाही आला त्याचं ताट वाढून ठेवतात," म्हणे. तिनं एकदाबी गिफ्टचं नाव नाही काढलं. अन् ज्यायचं नाताळ नाही त्यायले मात्र खोक्यावाचून करमत नाही.

बाबा त्या डोलणाऱ्या म्हाताऱ्याकडे गंज वेळ पाहात होते. मी हाताले धरून आणलं. पावसाळ्यात मीच त्यायले फोनवरून फवारणीचा पंप मागवाले शिकवलं होतं. तवापासून कुठंबी ऑफर दिसली की थांबतात.

२० डिसेंबर

मी विचारलं, "दादा येते का पंचवीसले?"

बाबा म्हणे, "सुट्टी भेटली त येतो म्हणे."

माय पालकाच्या जुड्या बांधून राह्यली होती. तिनं मान वर नाही केली.

२३ डिसेंबर

नाही येत.

बाबानं मले नाही सांगतलं. कमलीबाईले सांगतलं, दारात उभं राहून. "साहेबानं सुट्टी नाही देली त्याले. पण सामान धाडून राह्यला अजून." अन् फ्रायरवरची धूळ रुमालानं पुसली.

कमलीबाई म्हणे, "माह्याले बाहेरगावी धाडलं असतं त मलेबी आलं असतं काही. माहा त घरीच बसून खाते."

मी आत जाऊन पोत्यावर बसली अन् लिहिलं. कापलं नाही, दुसऱ्यांदा वाचलं नाही. सोयऱ्यायच्या ग्रुपवर टाकून देलं, काका, आत्या, मामा, सगळे आहेत तिथं:

"मी सार्थक. मी पुठ्ठ्याचा आहे. मले सही करून घ्या. मी बोलत नाही, जेवत नाही, मले अंथरूण लागत नाही. रोडगे झाल्यावर मले जगऱ्यात टाका, मी गोवरीपेक्षा लवकर पेटतो. पुढच्या सणाले मी अजून मोठा येईन. आत जागा रिकामी आहे. तुमचा पोरगा तेवढा सोडून त्यात काहीबी बसते."

लिहिता येते मले. येते लिहिता.

२४ डिसेंबर

मामानं लिहिलं, "कलियुग." आत्यानं रडणारे तोंडं टाकले. काका — "पंजाबराव, पोराले जास्त शिकवलं की असंच होते." म्हंजे सगळ्यायले कळलं. बरं झालं. लपवाले काय आहे?

दादानंबी काहीतरी टाकलं होतं. मी उघडेपर्यंत डिलीट केलं. लाज वाटली असंन. वाटू दे.

बाबानं फोन डोळ्यापासून दूर धरून वाचलं, बोट फिरवत फिरवत. मी वाट पाहात होती — चिडतील, चिडले त मी बोलीन, सगळं बोलीन. ते म्हणे, "चांगलं लिहिलं."

मंग फ्रायर उचलला अन् आतल्या खोलीत, बाजेखाली नेऊन ठेवला.

२५ डिसेंबर

हात अजून गोवरीच्या राखेचा वास मारून राह्यला. नीट लिहितो, जसं झालं तसं.

रोडगे केले. तिघायपुरते करू म्हटलं त माय म्हणे, "नेहमीएवढेच मळ." लिंबाखाली जगरा केला. बाबा धुऱ्यावर बसले, रस्त्याकडे पाठ करून. दरसाली तोंड करून बसतात.

रोडगे निघाले. मायनं फडक्यानं राख झटकली. आता पहिला फोडाचा कोणं? तिघंही घरून आलेलो. मी टोमणा मारला, "बाबा, तुमी सकाळी मालेगावले भाजी देऊन आले. तुमीच सगळ्यात दुरून आले."

बाबा म्हणे, "थांब थोडं."

तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. कुरियरवाला हरीओम, पाठीवर ती मोठी बोरी. घरी कुलूप दिसलं म्हणून वावरात आला.

"काका, तुमचं आहे. ओटीपी सांगा."

बाबानं फोन काढून नंबर सांगतला. मी मनात म्हटलं, आजबी! आजच्या दिवशीबी! पण हरीओमच्या तोंडावर रस्त्याची धूळ होती अन् तो जगऱ्याकडे पाहात होता. माय म्हणे, "कुठून आला रे तू?" तो म्हणे, "वाशीमहून माल उचलला काकू, तिथून गावं करत करत."

"मंग तूच फोड," माय म्हणे.

त्याले काही समजलं नाही. हात धुतले, बसला, दोन्ही हातानं रोडगा फोडला. वाफ निघाली. बाबा आज पहिल्यांदा हासले, "असा फोडाचा असते."

जेवता जेवता हरीओम म्हणे, "काका, एक सांगू का? पुढच्या बारीले ऑर्डर करसान त त्या नक्षीच्या कागदावर टिक नका मारू. बोरीत फाटते तो, अन् बोलणे मले बसतात. तिन्ही बारी तुमच्याच ऑर्डरले कागद."

बाबा म्हणे, "जेव तू."

मायनं त्याच्या ताटात तूप ओतलं. एवढं ओतलं की तो "बस काकू, बस" करत राह्यला. माही मायनं. जी कढईत तेल टाकत नाही.

कोणीच माह्याकडे पाह्यलं नाही.

हरीओम गेल्यावर बाबा उठून विहिरीकडे गेले. फोन कानाले लावलेला. मी मायले धरलं.

"खोके कोण धाडते?"

माय ताटं घासत होती, राखेनं. म्हणे, "मागल्या साली गाडीत बसवतानी तुहा बाप त्याले बोलला. म्हणे, मनानं याचं नसंन त येऊच नको, आमाले सामानासारखा आलेला पोरगा नाही पाह्यजे. तो म्हणे, बरं. बस, तेवढंच. तवापासून ना हा फोन करते, ना तो."

"मंग हे विहिरीपाशी—"

"कोणाशीच बोलत नाही. एकटाच बोलते."

मी विहिरीकडे पाह्यलं. बाबा बोलून राह्यले होते. वांगे, गोबी, न थांबता.

"दिवाळीले दारात लोकं विचारत, सार्थकनं काय आणलं? तवा मागवला पहिला. मंग सवयच लागली. मलेबी नव्हतं सांगतलं, पण गुडघ्याचं माप कोणं घेतलं होतं त मले समजत नाही का? झोपेत दोरी लावली होती. मंग मी तुह्या बापाले म्हटलं, तुह्याबी नावानं एक येऊ दे, नाहीतर लोक म्हणतील बापाले विसरला. तो आज आला."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू रागात असली की कोणाचं ऐकते? अगदी तुह्या बापासारखी. अन् तो पोरगा तुमा दोघायसारखा. मीच एक बिना तेलाची."

बाबाचा खोका मी उघडला. मफलर. चिठ्ठी — "बाबाले." खाली नाव नाही. तिथं त्यायले सार्थक लिहाले नाही जमलं.

अन् मी त्यायचं सगळं ग्रुपवर टाकलं. सगळ्या सोयऱ्यायपुढं. "तुमचा पोरगा तेवढा सोडून त्यात काहीबी बसते." त्यायनं बोट फिरवत वाचलं अन् म्हणे चांगलं लिहिलं.

घरी येऊन दादाले अनब्लॉक केलं. लिहिलं — "खोके तू धाडले नाही. मले आज समजलं." निळ्या खुणा झाल्या.

राग आहे अजून. कोणावर ठेवू, जागाच नाही. दादावर? त्यानं "बरं" काहून म्हणावं? बाबावर? एक फोन, एक साधा फोन नाही करवत, अन् एवढे खोके करवतात?

२६ डिसेंबर

टेबलावर लिहून राह्यली. एक पाय डुगडुगते. मेथीचे पानं चिकटले आहेत.

२७ डिसेंबर

सकाळी ग्रुपवर दादा. सगळ्यायपुढं, काका-मामा-आत्यापुढं — "सुची खरं बोलली. खोके मीच धाडत होतो. चुकलं माहं. उद्या येतो, रोडगे ठेवजा."

बाबानं वाचलं. फोन घेऊन विहिरीपाशी गेले.

मी दारातून पाहून राह्यली. एक वाक्य बोलतात अन् थांबतात. मान हालवतात. मंग दुसरं.

ऐकून राह्यले.