नात माणसाळवण्याचा प्रयोग

ता. ४, सोमवार
नाही, मला कुणाची गरजबिरज काही नाही. सहा गाई आहेत, रेडिओ आहे, दोन वेळचं मी स्वतः शिजवून खातो. मुलाचा फोन आला, दोन आठवडे येतोय म्हणून, तेव्हा मी फक्त 'या' म्हटलं. नंतर घर धुतलं, पण ते धुवायचंच होतं. पडदेसुद्धा.

आले. मुलगा, सूनबाई आणि नात. नात तीन वर्षांची, सगळे तिला चिमणी म्हणतात. जन्मापासून व्याह्यांच्या घरी वाढलेली. आता सूनबाईची नोकरी पुन्हा सुरू होणार, म्हणजे दिवसा पोरीला कुणाकडे तरी ठेवायचं. मुलाला इकडच्या ऑफिसात बदली मिळते आहे. म्हणाला, बाबा, ती तुमच्याजवळ रुळली तर आम्ही इथेच राहायला येतो, नाही रुळली तर मग तिकडेच, तिच्या आजोबांकडे.

मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. मला काही फरक पडत नाही. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे, पण तिथला कचरा काढायचाच होता.

चिमणीने मला पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. प्रवासाचा शीण. उद्या ठीक होईल.

ता. ५, मंगळवार
झाली नाही. हसून बघितलं तर जास्तच रडली. सूनबाई म्हणाली, बाबा, तिला थोडा वेळ द्या. वेळ कसला? वासरू जन्मल्या दिवशी पायावर उभं राहतं.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. जनावरांच्या. तांबडी व्याली, पण वासरू मेलेलं निघालं. कास तटतटलेली, आणि ही बया दूध चोरून धरते. बाईंनी सुई टोचली, थोड्या वेळात पान्हा सुटला. मी विचारलं, आहे काय हे? म्हणाल्या, ऑक्सिटोसिन, काका. गाईच्या अंगात आपोआप तयार होतं, वासरू ढुशा देतं, गाय त्याला चाटते, तेव्हा सुटतं. माणसातही हेच. आई बाळाला छातीशी धरते तेव्हा, कुणी मायेने मिठी मारतं तेव्हा. एकमेकांना जीव लागतो त्यात ह्याचा मोठा हात.

सगळा जन्म गोठ्यात गेला, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे माया वगैरे जी भानगड लोक सांगतात, ती अंगातला एक रस आहे. फार बरं झालं. रस म्हटलं की काम सोपं. चार दिवसांत पोरगी माझ्या खांद्यावर बसेल.

ता. ६, बुधवार
बाई तांबडीला बघायला परत आल्या. सहज विचारलं, त्यातली एक बाटली ठेवून जाल का. कुणासाठी, म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे घरात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. काका, हे असं टोचून घ्यायचं औषध नाही, आणि टोचलं तरी डोक्यापर्यंत फारसं पोचत नाही. सुईने पान्हा सुटतो, माया सुटत नाही. बाटली पिशवीत टाकली आणि चेन ओढून घेतली.

शिकलेल्या माणसांना सरळ गोष्ट वाकडी करायची खोड असते. असू दे. आपण बिनसुईचं करू.

आधी माझ्या अंगात रस सुटायला हवा. म्हणून मुलाला मिठी मारली. तो दात घासत होता. आमच्यात ही पद्धत नाही, त्यामुळे हात कुठे ठेवायचे हे दोघांनाही कळेना. जरा वेळ लागतो म्हणे सुटायला, म्हणून मी सोडलं नाही. तोंडातल्या फेसासकट तो म्हणाला, बाबा, छातीत दुखतंय का? मी काही बोललो नाही, मध्येच बोललो तर रस तुटायचा. त्याने सूनबाईला हाक मारली. मला आडवं केलं. दवाखान्यात नेलं. छातीला वायरी लावल्या. सगळं नॉर्मल निघालं. ऑक्सिटोसिनचं रिपोर्टात काहीच नाही. ते तपासत नाहीत म्हणे. मग तपासतात काय?

ता. ८, शुक्रवार
कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हाही हाच रस सुटतो, असं बाई म्हणाल्या होत्या. जेवायला चिमणी समोरच होती. तिच्या डोळ्यांत बघत राहिलो. पापणी हलू दिली नाही. तिने हातातला घास खाली ठेवला आणि आईच्या काखेत तोंड खुपसलं. म्हणाली, आई, तो माणूस बघतोय.

तो माणूस.

सूनबाई म्हणाली, अहो बाबा, घाबरवताय तिला. मी म्हटलं, मी भाजीत मीठ आहे का बघत होतो.

ता. १०, रविवार
गाय चाटते तसं आपल्याला करता येत नाही. मग केस विंचरायचं ठरवलं, गोष्ट तीच. फणी बटेत अडकली. मी ओढली. लिहिण्यासारखं काही नाही.

बाईंना फोन केला. तुमचा रस उलटा चालतोय म्हटलं. मी जवळ गेलो की पोरगी आईला जास्तच घट्ट धरते. बाई म्हणाल्या, काका, त्याची ती दुसरी बाजू. ज्याच्या जोरावर गाय वासराला चाटते, त्याच्याच जोरावर परक्याला शिंगावर घेते. आपला तो जवळ, परका तो लांब.

म्हणजे गेला आठवडाभर मी मायलेकींचं प्रेम वाढवतोय. फुकटात.

पण मी परका कसा? नाक माझंच आहे तिचं. गेटवरचा कुरियरवाला सुद्धा म्हणाला. मी विचारल्यावर म्हणाला, पण म्हणाला.

ता. ११, सोमवार
काम फत्ते. माझं नाही, तांबडीचं. पलीकडच्या गोठ्यातली गाय गेली, तिचं वासरू मी आणलं. तांबडीने पहिल्यांदा लाथ घातली. मग जुनी रीत केली. मेलेल्या वासराचं कातडं काढून खारवून ठेवलं होतं, ते ह्याच्या पाठीवर बांधलं. तांबडीने हुंगलं. परत हुंगलं. आणि लागली चाटायला. सुई नाही, काही नाही, दूध आपोआप. सगळा खेळ वासाचा.

मी तिथेच बादली हातात घेऊन उभा राहिलो. डोकं चालायला लागलं.

स्वयंपाकघरात मुलगा आणि सूनबाई हळू आवाजात बोलत होते. बाबांना वाईट वाटेल गं, एवढं ऐकू आलं. मला कशाला वाईट वाटेल? उद्या बघा.

ता. १२, मंगळवार
व्याह्यांचा जुना निळा स्वेटर चिमणी झोपताना उशाशी घेते. बामाचा वास येतो त्याला. सूनबाई अंघोळीला गेली तेव्हा बॅगेतून काढला. व्याही काडीपैलवान, मी हा असा. बटणं लागेनात, बाह्या कोपरापर्यंत. उकाडा मरणाचा. पण घातला, आणि दाराकडे पाठ करून स्टुलावर बसलो.

पावलं वाजली. थांबली. मग पळत आली. आजोबा, म्हणाली, आणि माझ्या पाठीला बिलगली. गाल टेकवला. हात एवढेसे, पोटापर्यंतही पुरत नव्हते. मी श्वास रोखून धरला. ती काहीतरी सांगत होती, मनीच्या पिल्लांचं, तिकडच्या घरातलं, तू कधी आलास, मी किती वाट बघितली. मी ऐकत होतो. अंगात जे काय सुटतं म्हणतात ते सुटलं असावं, कारण स्वेटरचा उकाडाही जाणवेना. तसंच बसून राहिलो असतो तर बरं होतं. पण तोंडातून गेलं, हो गं माझी राणी. आणि मी वळलो.

ती रडली नाही आधी. स्वेटरकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मुठी आवळून स्वेटरवर मारायला लागली. काढ. माझ्या आजोबांचा आहे. काढ. काढायला गेलो तर डोक्यात अडकला. मी आत, अंधारात, आणि बाहेर ती हंबरडा फोडतेय.

थकून झोपली तेव्हा थांबली.

सूनबाई चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, बाबा, असं का केलंत? मी म्हटलं, थंडी वाजत होती. माझ्या कपाळावरून घाम गळत होता. तिने पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि मला पाणी आणून दिलं.

ता. १४, गुरुवार
गेले. लवकर. मुलगा म्हणाला, ऑफिसला बदली नको म्हणून कळवतो. मी म्हटलं, कळव. पेट्रोल भरून घे म्हटलं, वाटेत पंप नाही. पंप दोन आहेत.

गेटपाशी चिमणीने हात हलवला. वासराला. वासरू माझंच आहे.

ता. १७, रविवार
बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, काका, कातडं काढा आता, तांबडीने त्याला आपलं म्हटलंय. कातड्याने पहिले एकदोन दिवस निभतात, पुढचं काम रोज जवळ असण्याचं. मग विचारलं, नात रमली का? मी म्हटलं, कसली नात, मी गाईंसाठी विचारत होतो. त्या म्हणाल्या, बरं. जाताना उगाच थोडा वेळ गेटपाशी उभ्या राहिल्या. मी हातातली दोरी गुंडाळत बसलो.

मागची खोली चाऱ्याला घ्यायची आहे. आज नाही. कंबर धरली आहे.

ता. २४, रविवार
मुलाचा फोन. म्हणाला, बाबा, तुम्हीच या इकडे, महिनाभर राहा. रोज दिसाल, रोज बरोबर जेवाल, तिला सवय होईल. व्याहीसुद्धा म्हणतात, या म्हणून, माझ्याच खोलीत झोपा. मी म्हटलं, गाईंचं कोण बघणार? तो म्हणाला, महिनाभर माणूस ठेवता येतो. मी म्हटलं, गाई परक्याला दूध देत नाहीत. तो म्हणाला, देतात बाबा, तुम्हीच शिकवलंय. सांगणारच होतो की बघतो, बॅग कुठे ठेवली आहे ती शोधतो. तेवढ्यात मागून चिमणीचा आवाज आला, कुणाचा फोन आहे? मुलगा म्हणाला, आजोबांचा. ती म्हणाली, काहीतरीच, आजोबा तर इथे बसलेत.

सगळे हसले. तीही हसली. पहिल्यांदा ऐकलं तिचं हसणं.

मुलगा हॅलो हॅलो करत होता. मी म्हटलं, रेंज नाही, आणि ठेवला.

जायचं की नाही हे मला कुणी विचारू नये. मी सांगणार नाही.