वाकडा दात

आई, तुझ्या नातवाचं लग्न ठरलं. तुझ्या त्या वाकड्या दातापायी ठरलं, म्हणून तुला लिहितेय.

मांजरी गावात मुलगी बघायला गेलो होतो. ती पोहे घेऊन आली, कशावर तरी हसली आणि वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला दिसला. मी बशीला हात न लावता विचारलं, "तारीख कधीची धरायची?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेकानं तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. परतताना म्हणाला, "आई, लग्न माझं आहे ना?" पुढं दोघं महिनाभर भेटली, त्यांचं त्यांनी जमवलं. पण तो अजून चिडवतो, "पोळी जरा वाकडी झाली तर गिऱ्हाइकाच्या डब्यात घालत नाहीस, दात कसा चालला?"

त्याला काय सांगू? मला लहानपणीचं दिसतं. धायरीच्या खोलीत तू पापड भाजतेयस, मी समोर बसलेय. तुला हसू येतं आणि तू पदर तोंडावर घेतेस. तुला तो दात आवडायचा नाही. मला मात्र दात दिसला की आई आज खुशीत आहे, एवढं कळायचं. तुझा फोटो एकच आहे, त्यातही तोंड घट्ट मिटलेलं.

परवा होणारी सून चहाला आली, तेव्हा हे सगळं सांगितलं. म्हणाली, "अहो आई, लहानपणी जे बघून बरं वाटतं ना, ते मेंदू धरून ठेवतो. पुढं तसलं काही दिसलं की तोच सुंदर म्हणतो."

"म्हणजे डोळे नुसते हमाल, आणि शेठ तो वर बसलेला."

ती खळखळून हसली आणि हात तोंडावर गेला. मग म्हणाली, लग्नाच्या आधी तार लावून दात सरळ करून घेणार आहे.

नको म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. तुला माहीत आहे, माझ्या मनात आलं की बाहेर पडलंच. पण दात तिचा. तिच्या मेंदूनं तो कुणाच्या टोमण्यासकट धरून ठेवलाय, मला काय ठाऊक. चहाचे कप उचलून मोरीत नेले.

हे पत्र कुठं टाकणार? पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक सांगते, कुणाला बोलू नकोस. हल्ली ती आली की तिला आधी कणीक मळायला बसवते. लेकाला वाटतं, आतापासूनच कामाला जुंपते. तसं नाही गं. दोन्ही हात कणकेनं भरले की मग मी काहीतरी विनोद करते. हात तोंडावर नेता येत नाही तिला.