पुठ्ठ्यावरचे अकरा

रविवार, १२ नोव्हेंबर १९७२

हरलो! तीन–दोन. आणि मी काल दुपारीच सांगितलं होतं — तीन–दोन. सतरंजीवर पुठ्ठ्याचे दोन्ही संघ मांडले, कवड्या टाकल्या आणि मच्छिंद्रला म्हटलं, शेवटच्या पंधरा मिनिटांत जाईल मॅच. गेलीच! मच्छिंद्र म्हणजे आमच्या साखर कारखान्याच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आणि माझा धाकटा भाऊ. घरी येऊन बूट कोपऱ्यात फेकले. "आक्का, तुझ्या तोंडाला काय औषध हाय का?"

तोंडाला नाही, पुठ्ठ्याला विचार म्हटलं.

सेक्रेटरी आबासाहेबांनी पुन्हा स्वतःच्या भाच्याला पुढे खेळवला. माझ्या पुठ्ठ्यावर त्या भाच्याचे पाय तीन आहेत. दहापैकी तीन! कुणाच्याही तोंडावर सांगेन.

१४ नोव्हेंबर

नव्या हंगामाचे पुठ्ठे कापले. हा चौथा हंगाम. कोल्हापूरच्या केमिस्टसाहेबांनी कारखान्यात फुटबॉल आणला, त्या वर्षी आमचे खेळाडू म्हणजे काडेपेट्या होत्या. सहा कवड्या टाकायच्या, जास्त उताण्या पडतील त्याचा गोल. सगळे सारखेच — म्हणजे तो खेळ नव्हे, नुसतं नशीब! दुसऱ्या वर्षी पेट्यांना नावं दिली, आणि प्रत्येकाला चार आकडे: दम, पाय, नजर, टाळकं. तिसऱ्या वर्षी पेट्या जाऊन पुठ्ठे आले. मैदान ओलं की सुकं, तेही आलं. यंदा ओल्याचा नियम काढून टाकला. पाऊसच नाही तर ओलं मैदान कुठून आणायचं! त्याजागी नवा नियम — मैदान दगडासारखं, दुसऱ्या हाफला प्रत्येकाचा दम एकाने कमी.

पुंजाराम सोडून. हा पाथर्डीकडचा ऊसतोड्या. दिवसभर कोयता चालवून संध्याकाळी अनवाणी खेळायला येतो. त्याचा दम दहा. आबासाहेब त्याला घेत नाहीत, कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही म्हणून. माझ्या पटावर आहे!

आण्णा म्हणाले, "वजनकाट्यावरून पुठ्ठं आनतो ते तुला वह्या बांधायला." मग बांधतेच की. चार वह्या भरल्यात नुसत्या निकालांनी.

१९ नोव्हेंबर

खेळाडूंना कळलं! मच्छिंद्रच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळपासून ओसरीवर गर्दी. "माझं टाळकं पाचच?" "ह्याला सात आन् मला सहा?" तासभर भांडले. आई म्हणाली, एवढी माणसं तर सत्यनारायणालाही आली नव्हती.

सगळ्यात तापला कारभारी, आमचा डावा बॅक. त्याचा दम चार. "रतनताई, चार? आगं आमच्या म्हाताऱ्या बैलाला तरी पाच दिले असते!" मी म्हटलं, बैलाला आण, बघते. सगळे हसले, तो नाही हसला. मी आकडा बदलला नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल कोणत्या बाजूने होतात? डावीकडून. मग?

मॅच मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून बघते. बायकांनी मैदानात यायचं नाही असा इथला रिवाज. नको तर नको. जिन्यावरून जेवढं दिसतं तेवढं खाली उभ्या असलेल्यांनाही दिसत नाही.

२० नोव्हेंबर

कारभारीची आई कडूबाई उजाडताच हजर, पदराखाली सहा अंडी. "रतनबाय, पोराचा दम वाढव. चाराचा आठ कर. तू लिव्हलं की त्याला येतंय."

मला आधी कळेचना. तिला वाटतं, पुठ्ठ्यावर आकडा वाढला की पोराच्या अंगात ताकद येते! समजावलं — मावशी, आधी तो पळतो, मग मी लिहिते. "व्हय गं, पर तू चारच लिव्हलं तर तो पळंल कसा?"

अंडी परत केली. ती गेली थेट मारुतीला नारळ फोडायला. फोडू दे! आकडा नवसाने वाढत नाही, अंड्यांनी वाढत नाही आणि नात्यागोत्याने तर नाहीच नाही.

२४ नोव्हेंबर

राहात्याहून बघायला आले होते. मुलाच्या मामांनी विचारलं, "काय काय येतं?" म्हटलं, फुटबॉलची टीम निवडता येते. पोह्याच्या बशा तशाच राहिल्या. आई दोन दिवस बोलणार नाही. चालेल.

२८ नोव्हेंबर

आबासाहेब घरी! आण्णांनी खुर्ची दोनदा पुसली. केमिस्टसाहेबांनी त्यांना सांगितलंय, काट्यावरच्या कारकुनाच्या मुलीने लागोपाठ पाच निकाल आधी सांगितलेत. आबासाहेबांना ते झोंबलेलं दिसत होतं.

"पोरी, सतरा तारखेला नगरला शिल्ड हाय. यादी तूच कर. अकरा नावं. हाय तशी गेटवर लावतो. हरलो तर तुजी ही समदी पुठ्ठी बंबात!"

"आणि जिंकलो तर?" आण्णा खोकले.

"तर दर साली तूच."

"पुंजाराम चालेल? आणि तुमचा भाचा नाही घेतला तर?" आण्णा इतके खोकले की आईने पाणी आणलं. आबासाहेब उठता उठता म्हणाले, "घे तुला घ्यायचा तो. लोकांनाबी कळू दे, बाईची अक्कल कुठवर पळते ती."

जाताना आणखी एक सांगितलं. संचालकांनी ठरवलंय, कारखान्याची जी पोरं शिल्डाला उतरतील ती नोकरीत कायम. मच्छिंद्र तीन हंगाम सीझनल आहे. गाळप संपलं की घरी. यंदा ऊसच नाही, फेब्रुवारीतच बॉयलर थंड होतील. आईने देवापुढे साखर ठेवली. मच्छिंद्र तर काय, गोलात असणारच! त्याची नजर नऊ. मीच लिहिलीय.

४ डिसेंबर

दिवेलागणीला मच्छिंद्रने पाणी मागितलं. तांब्या त्याच्यासमोर ठेवला, हातभर अंतरावर. त्याने उजवीकडे चाचपलं. मग डावीकडे. मी उभी राहून बघतेय, हेही त्याला दिसलं नाही.

५ डिसेंबर

आज मैदानात गेले. सरळ चालत, गोलच्या मागे जाऊन उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, "आता बायकाबी यायला लागल्या व्हय!" म्हटलं, एक तर आली.

साडेपाचपर्यंत मच्छिंद्र वाघ! एकही आत जाऊ दिला नाही. मग उन्हं गेली. बॉलला लाथ बसल्याचा आवाज झाला की मगच हलायला लागला. आणि कारभारी ओरडतोय — "डावीकडं, मच्छ्या! खाली, खाली!" नुसता ओरडत नाही. स्वतःचा माणूस सोडून गोलसमोर धावतो, अंगावर बॉल घेतो, परत आपल्या जागेवर पळतो. तोवर ती बाजू मोकळी. डावीकडून गोल होतात ते असे!

म्हणजे माझे निकाल बरोबर येत होते आणि कारण सपशेल चुकीचं होतं. जिन्यावरून सगळं दिसतं म्हणे! कारभारी दोघांचं पळतोय. माझ्या ओसरीवर चारचौघांत अपमान झाला, तेव्हाही त्याने मच्छिंद्रचं नाव काढलं नाही. मी त्याला बैलावरून बोलले. स्वतःचीच लाज वाटली, फार लाज वाटली.

६ डिसेंबर

कारभारीचा दम आठ केला. त्याच्या घरी जाऊन सांगितलं, माझं चुकलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. कडूबाई हरखली, "पावला गं बाई मारुती!" मी वाद घातला नाही.

मच्छिंद्रला गाठलं. कधीपासून? "गेल्या उन्हाळ्यापासनं. अंधारलं की समदं पुसल्यासारखं हुतं. आण्णाला बोलू नको, आक्का. एकदा कायम झालो का डाक्टरला दावतो."

कारभारीचा पुठ्ठा खोडायला मला एक मिनिट लागलं. मच्छिंद्रचा अजून तसाच आहे.

८ डिसेंबर

शिल्डाची मॅच साडेचारला सुरू. या दिवसांत सहाच्या आत उन्हं जातात. म्हणजे शेवटचा सगळा वेळ मच्छिंद्र आंधळा.

दोन याद्या केल्या. एकीत गोलला मच्छिंद्र, उन्हं गेल्यावर नजर दोन. दुसरीत कानिफनाथ, तो बॉयलरवरचा. हाताला लोणी लावल्यासारखे बॉल सुटतात त्याचे, पण डोळे शाबूत. दोन्ही याद्या सहा-सहा वेळा खेळून पाहिल्या. मच्छिंद्रची पाच वेळा हरली. कानिफनाथची चार वेळा जिंकली. पुंजारामने दोन्हीकडे गोल केले, तो कुणाचं ऐकतच नाही.

आता सांगा म्हणावं, काय करू!

९ डिसेंबर

हरले. मैदानात नव्हे, चुलीपुढे. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मच्छिंद्र कायम झाला की तुझ्या आण्णांना रात्री झोप लागंल." बास. उठले आणि पाकिटात मच्छिंद्रच्या नावाची यादी घातली.

खरी यादी फाडवेना. या वहीत ठेवलीय, या पानाआड.

अंडी परत करणारी मी! आबासाहेबांनी भाचा घेतला तर गावभर बोंब मारणारी मी! मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? काहीच नाही. असू दे. पुठ्ठे जळाले तर जळोत, लोक हसले तर हसोत. माझा भाऊ आहे. कुणाला जाब द्यायला बांधलेली नाही मी!

पाकीट मच्छिंद्रच्याच हाती दिलं. म्हटलं, उद्या आबासाहेबांना नेऊन दे.

११ डिसेंबर

गेटवर यादी लागली. गोलकीपर — कानिफनाथ. अक्षर माझंच.

घरी येऊन वही उघडली. यादी नाही. म्हणजे त्याने वही वाचली. सगळी.

संध्याकाळी जेवायला बसला. ताटाची कड बोटाने शोधून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साऱ्यांना खरा आकडा आन् मला एकट्यालाच खोटा व्हय, आक्का? मी काय तुझ्या टीमातला न्हाई?"