डब्यातली बाळंतीण

ता. ८ सप्टेंबर १९३७, बुध.
इंगळी जगली. चार दिवस झाले डब्यात. भागूच्या मोळीतून निघाली, पंजाएवढी विंचवीण, काळी कुळकुळीत. मी चप्पल उचलली तर भागूने हात धरला. "मारू नगा बाई. पोटुशी हाय." भागू ठाकरवाडीची, मला लाकडं घालते. तिला पोट दिसलं, मला नुसती नांगी. पोटुशी म्हटल्यावर चप्पल खाली ठेवली. का ठेवली ते...
रॉकेलचा अर्धा कापलेला डबा, तळाला माती, खापराचा तुकडा, ओला कापूस. वर जुन्या तसबिरीची काच. खायला झुरळं, ती या घरात हवी तेवढी.
आत्याला पेज, औषध, कूस तीनदा बदलली. शाळेत दुसरी-तिसरी एकत्र, दुसऱ्या बाई रजेवर. पाठ मोडली.

ता. १०, शुक्र.
शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, विंचू पाळतेस? डोकं फिरलंय का तुझं?
फिरलंच असेल. निदान इथे तरी खरं लिहिते. माझ्या जन्माच्या वेळी आई गेली. आत्याने वाढवलं, आणि तेव्हापासून तिचं एकच पालुपद: विंचवाची जात, आईला खाऊन बाहेर आली. चौदाव्या वर्षी नवरा प्लेगने गेला. परत आले तर दारातच म्हणाली, "दुसराही खाल्लास?"
विंचवाची पिल्लं आईला खातात, हे सगळ्या लोणावळ्याला ठाऊक. पाहिलंय कुणी? कुणीच नाही. तर आता मी पाहणार. खात असतील तर मुकाट्याने बसेन. नसतील तर आत्याने तो शब्द परत घ्यायचा, डोळे मिटायच्या आत. दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय, फार दिवस नाहीत तिचे.

ता. १४, मंगळ.
शाळेतून आले तर इंगळीच्या पाठीवर पांढरं काहीतरी. शिजल्या भातासारखं. हलत होतं. पाठ कुरतडतायत, दुसरं काय? काच तशीच टाकली आणि मोरीत जाऊन बसले.
म्हणजे सगळं खरंच.
आत्याची पेज करपली. तिला कळलं, तरी सगळी खाल्ली. तेही नवलच.

ता. १५, बुध.
शाळेत जाण्याआधी पुन्हा बघितलं, धीर करून. फडताळातून आत्याचं पोथी वाचायचं भिंग काढलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून ते नुसतं पडूनच होतं.
चावत नाहीत! नुसती बसलीत, एकमेकांवर रेलून. एक पोरगं घसरून खाली पडलं. तिने पुढचा चिमटा मातीला टेकवला, ते त्यावरून तुरुतुरु परत वर. वाट करून दिली तिने त्याला. मोजली, एकतीस. पुन्हा मोजली तर अठ्ठावीस.
तिथेच जमिनीवर बसून रडले. त्रेचाळिसाव्या वर्षी, विंचवापुढे. शाळेला उशीर.

ता. १७, शुक्र.
सांगितलं एकदाचं. आत्या, पिल्लं आईला खात नाहीत, मी या डोळ्यांनी बघितलं.
"तू तेच सांगणार. तुझीच जात."
"खोटं कशाला सांगू?"
"मग दाखव मला."
"तुला दिसतं कुठे?"
"तेच तर!" आणि हसली. बोळक्या तोंडाने खुदुखुदु. बरी सोय आहे म्हातारीची. इतका राग आला की औषध द्यायचं विसरले, मग उठून दिलं.

ता. २१, मंगळ.
अंग दुखतं. काही विशेष नाही. बाळंतीण खापराखाली. पोरं पाठीवर.

ता. २५, शनि.
पोरांनी कात टाकली. आईच्या पाठीवर पांढरी टरफलं, पोरं आता तपकिरी. पाच-सहा खाली उतरून हिंडतायत. पण ती मात्र दहा दिवस काही खात नाही. झुरळ तोंडापुढे ठेवलं, नाकतोडा ठेवला, ढुंकून बघत नाही.
भागूला विचारलं. "खाल बया, खाल. पोरं उतरू द्या समदी. उगं काडी लावू नगा."
आता ही मेली तर आत्याचंच खरं व्हायचं. देवा, एवढं एक नको.

ता. २८, मंगळ. अविधवा नवमी.
आई सवाष्ण गेली, म्हणून दरवर्षी आज तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची. काशीबाई येतात नेहमी. आज स्वयंपाक झाल्यावर त्यांचा निरोप: विंचू असलेल्या घरात पाणीसुद्धा घेणार नाही. खीर झालेली, वड्या झालेल्या. आता आयत्या वेळी कोण येणार?
तेवढ्यात भागू मोळी घेऊन आली. कपाळाला कुंकू आहे, नवरा धडधाकट आहे, भूक लागलीय. आणखी काय लागतं? पाट मांडला. "मी? हितं?" म्हणत दारातच उभी. हाताला धरून बसवली. ओटी भरली तशी तिने पदराची गाठ घट्ट मारली.
आतून आत्या: "कोण जेवतंय? काशीचा आवाज नाही हा."
मी काही बोलायच्या आत हीच बोलली. "मी भागू. ठाकराची."
आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मी वाट बघत राहिले. तर आतून नुसता भांडं सरकल्याचा आवाज. मग, "ती डब्यातली आहे का गं?"
"हाय की. पोरं समदी उतरली. आय जित्ती हाय."
"खाल्ली नाही तिला?"
"पोरं कशाला खात्याल आयला, आत्याबाई? आय मरती ती अडली म्हंजी. येळेला कुनी धावलं न्हाई म्हंजी."
आत्याने भिंतीकडे तोंड केलं. दुपारभर तशीच.
दिवेलागणीला हाक मारली. यमे, बस. बसले.
"तीन दिवस अडली होती तुझी आई. दादा, तुझा बाप, तळेगावला डॉक्टर आणायला निघाला. मी त्याच्या चपला लपवल्या. म्हटलं, परक्या पुरुषाचा हात लागायचा. सुईण सोडवील म्हटलं. चपला सापडेपर्यंत..." मग खोकला.
"कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं यमे. तुला बोलता येत नव्हतं."
मी उठून आले. नैवेद्याची खीर तशीच झाकलेली.

ता. २९, बुध.
शाळा. पेज. औषध. कूस बदलली.
तिला सोडून जावं असं वाटलं, पण कुठे जाणार मी. चपला! त्रेचाळीस वर्षं मी स्वतःला... आणि ती माझ्या पानात वाढत होती, वेणी घालत होती, सगळं ठाऊक असून.
पेज मात्र फुंकर घालून गार करून भरवली. हाताची सवय मेली जात नाही.

ता. २ ऑक्टोबर, शनि.
भागू पोरं मडक्यात घालून घेऊन गेली, रानात सोडते म्हणाली. आईलाही नेते म्हणाली. मी नको म्हटलं. जरा खाऊ दे तिला, अंगात ताकद येऊ दे, मग ने.
आत्या रोज सकाळी एकच विचारते. "आहे का ती?" मी म्हणते, आहे. तेवढंच काय ते बोलणं. मी आणखी काही म्हणेन म्हणून ती तोंड माझ्याकडे करून पडून राहते. क्षमा केली, असं काहीतरी तिला हवंय. सुचत नाही. खोटं बोलायचं तर जीभ वळत नाही.

ता. ५, मंगळ.
आज काच काढली. खापराबाहेर पडलीय, चिमटे पसरून. नाकतोडा शेजारीच, जिवंत, उड्या मारतोय. काल संध्याकाळी ती हलली होती. हलली होती ना? काडी हातात घेतली आणि परत ठेवली.
आतून आत्या, "आहे का गं ती?"
"आहे," म्हटलं.
"मग दे पेज."
दिली. खाताना माझं मनगट धरून ठेवलं होतं तिने. सोडवून घेतलं नाही मी. शाळेला उशीर झाला.