अकरा अडाणी, अकरा मास्क

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार
संकल्प: पंधरा दिवसांत बाबांना लाकूड कापायच्या आऱ्यावरून उतरवून वखारीच्या फाटकावर बसवणे. जमल्यास वखारीतले उरलेले दहा अडाणीही सुधारणे. बाबा आपला जिना चढताना तीनदा थांबतात. बावीस वर्षं सागाचा भुसा छातीत भरलाय. घरात पहिली ग्रॅज्युएट मी. मला नाही कळणार तर कोणाला?
सांगून पाहिलं. म्हणाले, "माले काय व्हयनं? खोकस ते तू."
माझा खोकला हवेचा आहे.

७ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत वखारीत भाषण दिलं. फुफ्फुसांचं रंगीत चित्र नेलं. भिकन म्हणाला, "ताई, पपई बरी काढली." गोपालकाकांची थिअरी: आरा थांबला की गुळाचा खडा खायचा, "धूळ गुळनासंगे पोटमा जास." श्वासनलिका वेगळी, अन्ननलिका वेगळी, हे खडूने फरशीवर काढून दाखवलं. ते त्याच्यावरच बसून गूळ खाऊ लागले. मलाही देत होते. घेतला नाही. काही पातळी असते.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
अकरा मास्क शिवले. पॉलिएस्टर साड्यांच्या चिंध्या, चारपदरी.
मग भुशाची शेगडी भरली. बाबा रोज वखारीतून गोणीभर भुसा आणतात. तो चाळून, डब्यात मधोमध बाटली धरून ठोकून भरावा लागतो. दार-खिडकी लावूनच चाळते. शेजारच्या कमलमावशी वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडतात. धुळीची एवढी भीती! अशिक्षित बाई.
पुष्कळ खोकले. हवा बदलतेय.

१२ फेब्रुवारी
मास्क वाटले. अर्ध्या तासात सगळ्यांनी काढले. म्हणे, जीव कोंडतो. यांना श्वास घेणंसुद्धा शिकवावं लागणार. सुकदेवने माझ्या मास्कमधून चहा गाळला. थेंब खाली उतरला नाही. यावरून कापडाचा दर्जा कळतो.

१५ फेब्रुवारी
डॉ. भूपेंद्रभाई सोमवारी फुंकायचं यंत्र घेऊन वखारीत येणार. दम किती, ते आकड्यात दिसतं. बाबांनी सगळ्यांसमोर पैज लावली: पोरीपेक्षा कमी फुंकलं तर आरा सोडला, नाही तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. मी लगेच टाळी दिली. एका बाजूला बावीस वर्षांचा भुसा, दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांची मुलगी. बिचारे बाबा.

१९ फेब्रुवारी, सोमवार
बाबा दोनशे चाळीस. मी एकशे नव्वद.
यंत्र बिघडलेलं वाटलं, म्हणून पुन्हा फुंकलं. एकशे ऐंशी.
डॉक्टर म्हणाले, दोन्ही आकडे वाईट, बाबांनी आजच आरा सोडावा. बाबा म्हणाले, पैज ती पैज, आणि आरा सुरू केला. भिकनने शिट्टी मारली.
मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "बेन, तमे कया मशीन पर काम करो छो?"
मी कुठल्याच मशीनवर नाही, बी.एस्सी. आहे, म्हणून सांगितलं.
संध्याकाळी बाबा खांद्यावर भुशाची गोणी घेऊन जिना चढले. तीनदा थांबले. मी गोणी घ्यायला खाली गेले तर मलाही दम लागला. दोघं पायरीवर बसलो. बाबांनी खिशातून गुळाचा खडा काढला, दातांनी फोडला, अर्धा माझ्यापुढे धरला.
खाल्ला.