बोटं किती?

दादा, काल वारज्याच्या चौकात सिग्नलला माझ्या शेजारी एक गाडी येऊन थांबली. पुढच्या सीटवर पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ बसले होते. पोलीस दिसताच त्यांनी पट्टा छातीवर ओढला आणि खटक्यात न अडकवता नुसता हाताने धरून ठेवला. सिग्नल सुटला तरी मी तिथेच थांबले होते, मागून हॉर्न वाजायला लागले. तुम्हीही असाच धरायचात. पट्टा लावला की सदऱ्याची कडक इस्त्री मोडते, आणि धायरीतल्या माणसाने चुरगळलेल्या सदऱ्यात लग्नाला जायचं म्हणजे काय. तेव्हा मला तुमचा राग यायचा आणि हसूही यायचं. आता हसू येत नाही.

त्या दिवशीही आपण लग्नालाच निघालो होतो. गाडी चुलतभाऊ चालवत होता, तुम्ही त्याच्या शेजारी, मी आणि आई मागे. मी नुकतीच हिंजवडीच्या कंपनीत लागले होते आणि लेकीची नोकरी मांडवात कुणाकुणाला सांगायची याचं तुमचं नियोजन चाललं होतं. बायपासवर पुढचा टेम्पो एकाएकी थांबतो. ब्रेक लागतो, पण तुम्ही थांबत नाही, तुमचं तोंड जाऊन काचेवर आदळतं. मग तुम्ही मागे वळता आणि आधी आम्हालाच विचारता, "लागलं न्हाई ना कुणाला?" तुमच्या डाव्या डोळ्यातून रक्त सदऱ्यावर उतरतंय. आई माझं मनगट धरते. रक्त थांबावं म्हणून तुम्ही खांद्यावरचं उपरणं डोळ्यावर गच्च दाबलंत, ते दवाखाना येईपर्यंत. डॉक्टरबाई पहिल्यांदा त्यावरूनच बोलल्या. "आजोबा, फुटलेला डोळा दाबतात का? आत जे काही शिल्लक होतं, तेही बाहेर काढलंत." तुम्ही पन्नाशीही गाठली नव्हती. डोळ्यापेक्षा ते 'आजोबा' तुम्हाला जास्त लागलं असावं.

त्यांनी काचा काढल्या, टाके घातले आणि थोडे दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी त्या खुर्ची ओढून तुमच्या खाटेजवळ बसल्या. म्हणाल्या, या डोळ्यात थोडी जरी नजर असेल तर तो ठेवू. काहीच दिसत नसेल तर काढलेला बरा. कारण जखमी डोळ्याशी शरीर भांडायला उठतं, आणि क्वचित कधी तो राग चांगल्या डोळ्यावरही निघतो. मग तोही जातो. मी जमेल तसं सोपं करून सांगायला लागले, पण तुम्ही मला हातानेच थांबवलंत. "कळलं. भावकी हाय म्हणा की. भांडण याचं आन् वावर जायचं त्याचं." डॉक्टरबाईंना भावकी कळली नाही, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता तुम्ही हो म्हणाल. तुम्ही म्हणालात, "पर मला दिसतंय त्यातनं."

दिसत नव्हतं. डॉक्टरबाई तपासणीची तयारी करायला बाहेर गेल्या तेव्हा तुम्ही माझा हात पांघरुणाखाली ओढून घेतलात. "बाई बोटं दाखवतील. जेवढी असतील तेवढ्यांदा हळूच दाब. गावात काणा म्हणून हाक मारत्याल, पोरी. त्यापरीस फुटका तर फुटका, ऱ्हाऊ दे." तुम्ही कधी माझ्यापुढे रडवेले झाला नव्हतात. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली जाते. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज आहे. "बोटं किती?" तुमचा हात माझ्या हातात घामेजलेला, सगळं अंग कान देऊन बसलेलं. मी दाबत नाही. "सांगा, किती?" तुम्ही अंदाजाने "दोन" म्हणता. डॉक्टरबाई पुन्हा विचारतात, तुम्ही थांबता, माझी वाट बघता. मी दाबत नाही. मग तुमचा हात सैल पडतो, पण सुटत नाही. तुम्ही म्हणता, "काढा."

उजव्या डोळ्याने तुम्ही पुढे पुष्कळ बघितलंत. माझं लग्न, आपल्या शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, सगळं. काणा कुणी म्हटलंच, तर तुम्ही त्यालाच बसवून घेऊन गोष्ट सांगायचात: "पोरगी लई घट्ट काळजाची. बाप हात धरून विनवत व्हता, पर तिनं दाबला न्हाई. म्हणून हा एक डोळा ऱ्हायला." सांगताना तुमचा आवाज चढायचा. पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मी चहाचे कप उचलून आत जायचे. तुम्हाला वाटायचं मी लाजते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. दादा, मी दाबणार होते. डॉक्टरबाईंनी हात वर केला तेव्हा माझे डोळे इतके भरून आले होते, की बोटं किती आहेत ते मलाच दिसलं नाही.