राखणारीची जट

देगलूर, सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

चि. अक्षराला नीलम्मा काकूचं शरणु शरणार्थी आन लई आशीर्वाद.

इकडं समदं ठीक हाय. तूर निघाली, डाळ करून ठेवली. तुझे काका उद्या लातूरला येऊन राहिलेत, त्यांच्यासंग पिशवी धाडते. डाळीच्या वरच हे पत्र ठेवलंय. काका म्हणले, फोन कर की. केला होता माय. तुझा आवाज ऐकला, "जेवलीस का" विचारलं आन ठेवला. फोनवर जमंना.

तुझ्या साखरपुड्यात मी पेढ्याचं ताट घेऊन आले, पदर सरकला आन जट दिसली. तू सासूबाईला हसत बोललीस, "ही आमची मेडुसा." समदे हसले. मीबी हसले. वाटलं, इंग्रजीत लाडाचं काही असंल. मग तुझ्या नणंदेनं मोबाइलात चित्र दावलं. बाईच्या डोक्यावर सापच साप! अगं, ताट कुठं ठेवावं ते सुधरंना मला. मग आचाऱ्यापाशीच बसून राहिले. तुला वाटलं असंल, काकू कामात हाय.

रागानं लिहीत न्हाई. लाज वाटली, ती माझीच मला. लग्नात तुला पुन्हा खाली बघायला लागू नये म्हणून शेजारच्या मंजुश्रीला म्हणले, काप बाई. ती कॉलेजात शिकवती. जट काढा म्हणून किती वर्सं मागं लागली होती, मी दाद दिली न्हाई. परवा मीच कात्री हातात दिली, तर तीच बावरली.

जट खाली पडल्यावर विचारलं, मेडुसा म्हंजे काय गं? ती म्हणली, जुन्या ग्रीक भाषेत 'मेदेइन' म्हंजे राखणं, सांभाळणं. त्याच्यावरून मेडुसा, म्हंजे राखणारी. आधी देखणी पोरगी होती म्हणे, केस तर बघत राहावे असे. देवळात जबरदस्ती झाली तिच्यावर, आन देवी कोपली तीबी तिच्यावरच! केसांचे साप केले. ऐकून मला रडूच कोसळलं. मंजुश्रीला वाटलं, केसांसाठी रडून राहिली.

केसांसाठी न्हाई गं. लहानपणी तू तापानं फणफणली होतीस, डॉक्टरांनी हात टेकले होते. माझ्या डोक्यात नुकतीच जट धरली होती. देवीला म्हणले, पोरगी राख, तुझी जट जन्मभर वागवीन. तू उठून बसलीस, पेज मागितलीस. तुला कधी सांगितलं न्हाई, पोरीच्या डोक्यावर ओझं कशाला. आन तीच जट मी चार माणसं हसली म्हणून कापली! देवीला काय तोंड दावू? तू गाडी चालवत असशील, उन्हात फिरत असशील, नुसतं मनात येतं आन जीव थाऱ्यावर राहत न्हाई.

मंजुश्री म्हणती, त्या मेडुसाचं मुंडकं उडवलं, तरी लोक तिचं तोंड दारावर कोरायचे, घराला दृष्ट लागू नये म्हणून. कापल्यावरबी राखायची म्हणे. खरं असंल का गं?

जट चिंधीत बांधून देव्हाऱ्याखाली ठेवलीय. मांजरा नदीत सोडायची, पण हात होईना. तू एकदा फोन कर. दुसरं काही बोलू नको, माफीबिफी तर नकोच. नुसतं "काकू, मी बरी हाय" म्हण. मग सोडते.

तुझीच मेडुसा,
नीलम्मा काकू